कार्डिफच्या कप्तानामागे, क्रूपर्यंत

वेल्सच्या राजधानीत, कार्डिफ सेंट्रलहून सिटी लाइनची गाडी धरली की पहिलंच स्टेशन निनियन पार्क. नाव उरलंय, मैदान गेलं. कचरा टाकायच्या जागेवर १९१० साली उभं राहिलेलं कार्डिफ सिटी या फुटबॉल क्लबचं ते मैदान २००९ मध्ये बंद झालं आणि आता तिथे घरांची वसाहत आहे. समोर नवं स्टेडियम. त्याच्या बाहेर क्लबचा जुना कप्तान फ्रेड कीनर एफए कप, म्हणजे इंग्लंडचा मानाचा फुटबॉल चषक, घेऊन पुतळ्याच्या रूपात उभा आहे, २०१२ पासून.

मी त्याच्यासाठीच गेले होते. गोल करणाऱ्यांचे पुतळे पुष्कळ असतात, गोल अडवणाऱ्याचा क्वचितच दिसतो.

कीनर कार्डिफचाच, जन्म १८९४चा. पहिल्या महायुद्धात तो फुटबॉलपटूंच्या पलटणीत भरती झाला आणि १९१६ साली सोमच्या रणांगणावर पायाला जखम घेऊन परतला. तोच पाय पुढे दीड दशक चालला! १९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलला. तोवर पास घेणाऱ्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिपक्षाचे तिघे लागत, आता दोघे पुरेसे झाले. गोलांचा पाऊस सुरू झाला आणि हल्ल्यालाही हात देणाऱ्या सेंटर हाफला, म्हणजे मधल्या फळीतल्या मधल्या खेळाडूला, संघ हळूहळू बचावासाठी मागे खेचू लागले. सेंटर हाफ खेळणाऱ्या, तिशी उलटलेल्या कीनरच्या वाट्याला हे बदललेलं काम आलं.

त्याच वर्षी कार्डिफ एफए कपचा अंतिम सामना शेफील्ड युनायटेडकडून हरलं होतं. १९२७ मध्ये पुन्हा अंतिम सामना, लंडनचं वेम्बली मैदान, समोर आर्सेनल. कार्डिफच्या ह्यूई फर्ग्युसनचा साधाच फटका आर्सेनलचा गोलरक्षक डॅन लुईसच्या हातून निसटला आणि १-० ने कप इंग्लंडबाहेर गेला. आजवर एकदाच. गंमत म्हणजे, लुईस स्वतः वेल्सचा.

पुतळ्याने नेमका हाच दिवस धरला आहे. माझी थोडी तक्रार आहे, कारण कीनरची बाकीची कारकीर्द रोजंदारीच्या जवळची होती. तेव्हा खेळाडूला हंगामात आठवड्याला जास्तीत जास्त ८ पौंड मिळत, उन्हाळ्यात ६. कप जिंकला म्हणून ही मर्यादा हलत नसे. १९२९ साली कार्डिफ लीगच्या पहिल्या विभागातून घसरलं, १९३१ मध्ये दुसऱ्यातूनही, आणि कीनर इंग्लंडमधल्या क्रू गावच्या क्रू अलेक्झांड्रा क्लबकडे गेला.

म्हणून मीही क्रूला गेले. हेरफर्ड, श्रूजबरी करत गाडी उत्तरेला जाते; डावीकडे वेल्सचे डोंगर, मधूनमधून मेंढ्या. क्रू म्हणजे आपलं मनमाड: जो तो इथे गाडी बदलायलाच उतरतो. क्लबचं ग्रेस्टी रोडचं मैदान स्टेशनाला अगदी लागून आहे, फलाटावरूनच दिव्यांचे खांब दिसतात. इथे तो तिसऱ्या विभागात खेळला आणि इथला खेळाडू असतानाच, १९३२ साली, वेल्सकडून शेवटचा उतरला. वय ३८. एकूण ३२ सामने.

पुढे ऑक्सफर्ड सिटी, मग टनब्रिज वेल्स हे छोटे क्लब. नंतर कोंबड्या पाळल्या, बांधकामावर काम केलं, १९५८ मध्ये कार्डिफला परतला आणि १९७२ मध्ये वारला.

कुणी जाणार असाल तर सामन्याचा दिवस टाळा, पुतळ्याजवळ निवांत उभं राहता येतं. क्रूला मात्र सामन्याच्याच दिवशी जा. एरवी तिथे बंद फाटकच बघायला मिळतं.