उन्हाच्या आधी फोटोवाला

सोलापुरात फिरायला आल्यावर फोटोग्राफर ठरवायचा, तर बहुतेक जण फोन लावून आधी विचारतात, "किती घेणार?" आधी विचारायचं ते "किती वाजता?" पैशांत घासाघीस चालते, उन्हात चालत नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तर इथं दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली पायाखाली नाहीशी होते. शाळेतल्या मुलांना दाखवायला छान प्रकार, पण फोटोला वैरी. वरून पडलेल्या उन्हात भुवयांच्या खोबणीत काळोख भरतो, नाकाखाली मिशी नसलेल्यालाही मिशी येते आणि कपाळ तेवढं चकाकतं. लाखाचा कॅमेरा असो नाहीतर दोन लाखांचा, त्या वेळी सगळे सारखेच हतबल.

म्हणून वेळेचं गणित आधी. मेच्या मध्यावर सूर्य सहाला पाच-सात मिनिटं कमी असताना उगवतो. सव्वासहा ते पावणेआठ एवढाच काय तो कामाचा प्रकाश. आठनंतर चेहरे आक्रसायला लागतात. जानेवारीत उगवतो सातला, ऊनही नरम असतं, नऊपर्यंत ओढता येतं. संध्याकाळी मेमध्ये सात वाजायला दहा मिनिटं कमी असताना मावळतो, जानेवारीत सहा वाजून आठ-दहा मिनिटांनी. मावळल्यावरची वीस मिनिटं आकाश निळंगर्द असतं आणि रस्त्यावरचे दिवे लागलेले असतात. हौशी माणूस नेमका तेव्हा "झालं आता" म्हणून कॅमेरा गुंडाळतो. समोरचा फोटोग्राफर कामाचा आहे की नाही, हे यावरूनच ओळखावं. "अकरा वाजता या की आरामात," असं जो म्हणतो, त्याला लग्नाच्या हॉलमधल्या फ्लॅशची सवय आहे, उघड्यावरची नाही.

नुसतं फिरायला आलो म्हणून फोटोवाला सांगायचा, याचा आपल्याकडे अजून थोडा संकोच आहे. लग्न, मुंज, बारसं, डोहाळजेवण यांना चालतो. अक्कलकोट-तुळजापूर करून वाटेत सोलापुरात मुक्काम टाकला, तर त्याला कशाला? पण अशा कुटुंबाचे मोबाईल उघडून पाहा. तीनशे फोटोंत फोटो काढणारा एकजण कुठेच नसतो, आणि असलाच तर कोपऱ्यात, हात लांब करून, अर्ध्या कपाळानिशी. दीड-दोन तासांसाठी माणूस सांगणं ही काही चैन म्हणता येणार नाही.

तारीख ठरवताना भिंतीवरचं कॅलेंडर बघा. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते आणि चांगला फोटोग्राफर मुहूर्ताच्या दिवशी मिळत नाही. मिळालाच तर रात्रीच्या वरातीनंतर तीन तास झोपून आलेला असतो, त्याच्या बॅटऱ्या चार्ज नसतात आणि कार्ड भरलेलं असतं. ज्या तारखेखाली लग्नमुहूर्त नाही, तोच तुमचा मुहूर्त. चातुर्मासात आणि अधिक महिन्यात हीच माणसं निवांत असतात, दरही थोडा खाली येतो. संक्रांतीच्या दिवसांत मात्र सिद्धेश्वरांची यात्रा, म्हणजे गड्डा. नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, अक्षता सोहळा, शोभेचं दारूकाम. तेव्हा यायचं ते यात्रा बघायला. त्या गर्दीत स्वतःच्या कुटुंबासाठी मोकळी चौकट मागणं म्हणजे वारीत खुर्ची मागण्यासारखं.

आता व्यवहाराचं बोलणं. दर तासावर आहे की फोटोंवर, हे आधी वदवून घ्या. तासाभरात दोन-तीनशे क्लिक सहज होतात, त्यातले नीट एडिट करून द्यायचे तीस ते पन्नास. "सगळे देतो" हे ऐकायला गोड, पण मिटल्या डोळ्यांचे अडीचशे फोटो घेऊन करायचं काय? नमुने मागताना निवडक दहा बघू नका. एका कुटुंबाचं एका सकाळचं सगळं काम दाखवा म्हणावं. दहा चांगले कुणाचेही निघतात. कॅमेऱ्यात दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो साठतात का, तेही विचारा. एकाच कार्डावर सगळी भिस्त असेल आणि ते बिघडलं, तर इसार परत मिळतो, सकाळ मिळत नाही. इसार देताना तारीख, वेळ, ठिकाणं, फोटोंची संख्या आणि द्यायची मुदत एवढं एका मेसेजमध्ये लिहून पाठवा आणि त्याच्याकडून "हो" घ्या. आणखी एक, जे फारसं कुणाला माहीत नसतं: भारतातल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणारा असतो. तुमच्या मुलीचा फोटो स्टुडिओच्या बोर्डावर लावायचा तर तुम्हाला विचारावंच लागेल. लावू द्यायचा असेल तर त्या बदल्यात दर कमी करून घ्या, त्यात गैर काही नाही.

जागांमध्ये पहिलं नाव सिद्धेश्वर मंदिराचं आणि त्याला लागून असलेल्या भुईकोट किल्ल्याचं. मंदिर तलावाच्या मधोमध, तलावाच्या पश्चिमेला किल्ला. याचा अर्थ किल्ल्याच्या बाजूनं तलावाकडे पाहिलं की सकाळचा सूर्य मंदिराच्या मागे असतो. पाण्यावर सोनेरी पट्टा पडतो, मंदिराची काळी आकृती उठते आणि समोर उभी राहिलेली तुमची माणसंही काळीच येतात. हवं असेल तर ते सुंदर दिसतं, फक्त मागाहून "चेहरे कुठं गेले?" म्हणायचं नाही. चेहरे हवे असतील तर याच बाजूला संध्याकाळी या. पाण्यातलं प्रतिबिंब हवं असेल तर मात्र सकाळच, कारण वारा उठायच्या आधी पाणी स्थिर असतं. मंदिरात चप्पल बाहेर, गाभाऱ्यात कॅमेरा नाही, आणि उन्हाळ्यात नऊनंतर फरशीवर अनवाणी पोज देता येत नाही. तळपाय भाजत असताना हसरा चेहरा फक्त नटांना जमतो.

किल्ल्याचा काळा दगड फसवा. कॅमेरा तो काळेपणा पाहून समजतो की इथं अंधार आहे आणि फोटो उजळवून टाकतो, मग दगड राखाडी होतो आणि गाल पांढरे पडतात. जाणता माणूस कॅमेऱ्यातली उजेडाची मोजणी (एक्सपोजर) मुद्दाम अर्धा-पाऊण घर खाली ठेवतो. या दगडापुढे हळदी पिवळा, कुंकवी लाल, मोतिया असे रंग उठतात; काळं नि गडद निळं घालून गेलात तर तटबंदीला नुसती डोकी चिकटवल्यासारखी दिसतात. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. हातातल्या कॅमेऱ्याला सहसा कुणी हटकत नाही, पण तिपाई आणि दिवे लावायचे तर परवानगी लागते. दरवाजा कधी उघडतो ते आदल्या दिवशी विचारून ठेवा, नाहीतर उजेड तयार आणि तुम्ही कुलपाबाहेर. ड्रोनचा मोह तर सोडाच. होटगी रस्त्यावर विमानतळ आहे आणि त्याच्या आसपासच्या हवाई हद्दीत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. "माझ्याकडे लहान ड्रोन आहे, कुणी बघत नाही," म्हणणाऱ्याला हात जोडावेत.

अप्पासाहेब वारदांनी बांधलेलं इंद्रभुवन, म्हणजे महापालिकेची इमारत, नक्षीसाठी उत्तम. पण जवळ उभं राहून कॅमेरा वर केला की इमारत मागे कलल्यासारखी दिसते. लांब जाऊन, कॅमेरा सरळ धरून काढायची, आणि तीही सुट्टीच्या दिवशी, नाहीतर पायथ्याशी गाड्यांची रांग. चार हुतात्मा पुतळ्यांपाशी मुलांना जरूर न्या. 1930 चा मार्शल लॉ आणि 12 जानेवारी 1931 ला फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे यांची गोष्ट सांगा. त्यांच्यापुढे दोन बोटं उंचावून पोज देण्याची जागा ती नव्हे, एवढं आपलं आपल्याला कळावं.

कपड्यांबद्दल एक खास सोलापुरी अडचण आहे. हे विणकरांचं गाव, इथं येऊन इरकल घालायची हौस कुणाला होणार नाही? पण बारीक चौकडी किंवा अगदी जवळजवळच्या रेघा कॅमेऱ्यात कधीकधी लहरतात. कापडाची वीण आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचे उभे-आडवे ठिपके एकमेकांवर येतात आणि साडीवर पाण्यासारख्या, रंगीत, मुळात नसलेल्या लाटा उमटतात. मागच्या छोट्या स्क्रीनवर फोटो मोठा करून पाहिल्याशिवाय ते कळत नाही, आणि नंतर काढून टाकणं वेळखाऊ असतं. दोन पावलं पुढे-मागे सरकलं किंवा कोन जरा बदलला की बहुधा जातं. म्हणून पहिल्याच फोटोला पदर मोठा करून बघायला सांगा. मोठी चौकडी, ठसठशीत काठ, एकरंगी अंग यांना हा त्रास नाही.

चादरीवर बसून फोटो काढायचा असेल तर तीही अंथरा, सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी नक्षीची असते, पालथी पडली तरी शोभते. फक्त लालभडक चादरीवर बसलेल्या माणसाच्या हनुवटीखाली लाली चढते, कारण ऊन चादरीवरून उसळून चेहऱ्यावर येतं. हेच तत्त्व उलटं वापरा. पांढरा, मोठा टर्किश टॉवेल, जो या गावात कुठंही मिळतो, कुणीतरी छातीच्या उंचीवर तिरका धरला की डोळ्यांखालचा काळोख भरून निघतो. थर्माकोलची शीटही चालते, पण ती वाऱ्यानं उडून तलावात जाते. टॉवेल जात नाही, शिवाय नंतर घाम पुसायला होतो. फोटोआधी मात्र घाम चोळायचा नाही. टिपकागदानं टिपावा. वरून चमचमती पावडर मुळीच लावू नये, कपाळाचा आरसा होतो.

आजोबांचा चष्मा उन्हात काळा होणारा असेल तर फोटोत ते गुप्तहेर दिसतात. दोन-चार मिनिटं सावलीत बसवा, काच उतरते. सावलीत उभं राहूनच फोटो काढायचा तर कडुनिंबाखाली थेट नको, पानांची हिरवट छटा गालांवर येते आणि मधून मधून उन्हाचे कवडसे कोडासारखे दिसतात. सावलीची कड बघावी, तोंड मोकळ्या आभाळाकडे.

सगळ्यांचा मिळून फोटो मात्र आधी उरकावा. मुलं ताजी असतात, काकूंचा गजरा टवटवीत असतो आणि कुणाचं कुणाशी अजून वाजलेलं नसतं. मागचं सगळं धूसर करणारी ती लेन्स इथं उपयोगाची नाही. पुढची रांग स्पष्ट आणि मागचे मामा धुरकट, असा फोटो घरात वर्षभर पुरेल एवढा वाद देतो. फोटोग्राफरनं लेन्सचा झरोका, म्हणजे उजेड आत येण्याचं भोक, एफ पाच-सहापर्यंत लहान केला पाहिजे, एफ आठपर्यंत केला तर उत्तम. अगदी जवळून रुंद लेन्सनं काढला की कडेची माणसं ताणली जातात, म्हणून अंगानं जाड असलेल्यांना कडेला ढकलू नये. ते सहसा स्वतःहून तिथंच जाऊन उभे राहतात. उन्हाकडे तोंड असेल तर सगळ्यांनी डोळे मिटून ठेवायचे, तीन म्हटल्यावर उघडायचे. आठ माणसं असतील तर सलग सहा-सात फोटो घ्यायला लावा, त्यातला एक सगळ्यांच्या उघड्या डोळ्यांचा निघतो. आजींना उभं करू नका. खुर्ची आणा, त्यांना मधे बसवा, बाकीचे आपोआप नीट उभे राहतात. आणि खिशातले मोबाईल, किल्ल्या, मनगटावरचे रबरबँड फोटोआधी एका पिशवीत.

कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा बेत शूटिंगनंतरच. चटणीचं लाल तेल ओठांच्या कोपऱ्यात आणि दातांच्या फटीत असं बसतं की ते फक्त मोठ्या फोटोत दिसतं. लहानग्यांना मात्र काहीतरी खाऊ घालूनच आणा. भुकेलं मूल चाळीस मिनिटांपलीकडे कुणाचं ऐकत नाही.

शहराबाहेर जायचं असेल तर पावसाळ्यात नळदुर्ग, नर-मादी धबधबे वाहत असतील तेव्हा. नाहीतर भीमा-सीनेच्या संगमावरचं हत्तरसंग कुडल, जिथं शके 940 चा, म्हणजे 1018 चा मराठी शिलालेख आहे. दोन्हीकडे जाण्यायेण्यात प्रकाशाची वेळ निघून जाते, तेव्हा अंधारातच निघावं लागतं आणि फोटोग्राफरच्या गाडीचं भाडं वेगळं धरावं लागतं. हे आधी बोललं नाही तर परतीच्या वाटेवर गाडीत शांतता पसरते. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात पोज देण्याचा विचार करू नये, तिथं दुर्बीण घेऊन गप्प बसायला जावं.

फोटो हातात येतात तेव्हा खरी चूक घरात होते. फोटोग्राफर व्हॉट्सअॅपवर पाठवतो, आपण खूश होतो, आणि सहा महिन्यांनी बारा बाय अठरा इंचाची प्रिंट काढायला जातो. साध्या पद्धतीनं पाठवलेला फोटो लांबीला सोळाशे बिंदूंच्या आसपास उरतो. अठरा इंचांवर पसरला की इंचाला नव्वदही येत नाहीत. चांगल्या प्रिंटला तीनशे लागतात. मूळ फाइल पेनड्राइव्हवर किंवा ड्राइव्हच्या लिंकवरून घ्या आणि लिंक मिळाली त्याच दिवशी उतरवून घ्या, कारण जागा भरली की स्टुडिओवाले जुने फोल्डर काढून टाकतात. त्यात त्यांचा दोष धरता येत नाही. एडिट करताना "गोरं करा" असं सांगू नका. मग सगळं कुटुंब एकाच डब्यातल्या डिस्टेंपरनं रंगवल्यासारखं दिसतं.

फ्रेम करून लावणार असाल तर पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत टाळा. तीन-चार उन्हाळ्यांत लाल रंग आधी उडतो, मग आजींच्या साडीचे काठ.