प्रत्ययासाठी लिहिलेला रोल

मी ज्या मुक्तस्रोत प्रकल्पाच्या मार्गदर्शिकेचा मराठी अनुवाद करतो, तिची सगळी पाने रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या मार्कअप भाषेत, म्हणजे साध्या मजकुरात खुणा घालून, लिहिलेली आहेत आणि स्फिंक्स हे साधन त्यांपासून एचटीएमएल व पीडीएफ तयार करते. या मार्कअप भाषेत भर घालण्याची सोय तिच्या रचनेतच आहे : परिच्छेदाच्या पातळीवर डायरेक्टिव्ह आणि वाक्याच्या आत रोल, अशा नाव दिलेल्या खुणा. २००७ साली पायथन या प्रोग्रामिंग भाषेची अधिकृत कागदपत्रे लाटेक ही जुनी मार्कअप भाषा सोडून याच भाषेत आली. त्यांच्यासाठी खास लिहिलेला एक डायरेक्टिव्ह मला आदर्श वाटतो. एखादी सुविधा कोणत्या आवृत्तीपासून कालबाह्य ठरली आणि कोणत्या आवृत्तीत काढली जाणार, एवढेच तो विचारतो. ही सूचना पानावर कशी दिसावी, हा भार लेखकावर टाकत नाही.

माझी अडचण मराठीच्या स्वभावातून आली. आपले विभक्तिप्रत्यय शब्दाला चिकटून येतात, आणि रीस्ट्रक्चर्डटेक्स्टचा नियम असा की खुणेचा शेवट झाल्यावर लगेच मोकळी जागा किंवा विरामचिन्ह हवे. ‘ओपन’ या फंक्शनला रोलच्या खुणांमध्ये ठेवून पुढे ‘ला’ जोडला, की खूण ओळखलीच जात नाही आणि बिल्डमध्ये, म्हणजे पाने तयार होताना, इशारा येतो. यावरचा रूढ उपाय म्हणजे मध्ये बॅकस्लॅश आणि एक मोकळी जागा देणे. छापील रूपात ती दोन्ही नाहीशी होतात. पण एकेका वाक्यात दोन-तीनदा हे करताना मजकूर वाचवेना, म्हणून मी नवा रोल लिहिला, ज्यात नाव आणि प्रत्यय उभ्या रेघेने वेगळे करून एकाच खुणेत द्यायचे.

एचटीएमएल उत्तम निघाले. पीडीएफचे बिल्ड मात्र थांबले, कारण मी नवा नोड (मजकुराच्या अंतर्गत रचनेतला घटक) बनवला होता आणि प्रत्येक प्रकारच्या आउटपुटसाठी त्या नोडमध्ये शिरण्याचे व बाहेर पडण्याचे फंक्शन स्वतंत्र द्यावे लागते. ते लिहून झाल्यावर खरे नुकसान ध्यानात आले. मूळ रोल फंक्शनच्या नावापासून त्याच्या व्याख्येपर्यंत दुवा जोडतो. माझ्या रोलने नुसती अक्षरे उमटवली होती, त्यामुळे माझ्या पानांवरचे ते सगळे दुवे गेले होते.

मी तो रोल काढून टाकला. पायथनच्या त्या डायरेक्टिव्हमधली आवृत्ती ही सुविधेविषयीची माहिती आहे, म्हणून तिच्यासाठी डायरेक्टिव्ह असणे योग्यच. ‘ला’ हा मराठी वाक्याचा भाग आहे, फंक्शनविषयी तो काहीच सांगत नाही, आणि त्याच्यासाठी मार्कअप वाढवायला नको होते. स्फिंक्स ज्यावर उभे आहे त्या डॉक्युटिल्समध्ये अक्षराला चिकटलेल्या खुणाही ओळखणारी एक सेटिंग आहे, परंतु ती चालू केली तर चलांच्या नावांमधल्या अधोरेषाही खुणा मानल्या जाण्याचा धोका असतो, म्हणून मी तिला हात लावला नाही. आता संपादकात बॅकस्लॅश आणि मोकळी जागा एकदम उमटवणारी एक कळ नेमून घेतली आहे, आणि जुन्या पानांतली उभी रेघ एकेक करून काढतो आहे.