टॉवेलची पॅकिंग लिस्ट आणि क्लायंट सर्टिफिकेट

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं काम माझ्याकडे आहे, रोज रात्री पॅकिंग लिस्ट आणि इनव्हॉइस परदेशातल्या खरेदीदाराच्या सर्व्हरवर एफटीपीएसने (फायली पाठवायची एक सुरक्षित पद्धत) टाकायच्या. आधी युझरनेम-पासवर्डवर भागायचं, मग त्यांनी कळवलं की आता क्लायंट सर्टिफिकेटही (आपल्या मशीनचं डिजिटल ओळखपत्र) लागेल, आणि दुसऱ्याच दिवशी मालकांचा फोन, "अहो फायली जाईनात की, बघा जरा."

आधी एक सांगतो, एफटीपीएस आणि एसएफटीपी एकच नाहीत. एसएफटीपी एसएसएचवर (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिनचा प्रोटोकॉल) चालतं, तिथं पासवर्ड किंवा एसएसएच की वापरतात. एफटीपीएस म्हणजे आपलं जुनं एफटीपीच, टीएलएसमधून, म्हणजे एनक्रिप्ट करून. एरवी आपण फक्त सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासतो, इथं सर्व्हर आपलंही मागतो. सर्टिफिकेट कुणीही बघितलं तरी चालतं, पण त्याच्या जोडीची गुप्त प्रायव्हेट की आपल्या मशीनवरून हलता कामा नये, कनेक्शन जुळतानाच्या हँडशेकमध्ये त्या कीने केलेली सही जाते, ती की स्वतः जात नाही.

म्हणूनच खरेदीदाराने पीएफएक्स फाईल (सर्टिफिकेट आणि प्रायव्हेट की एकत्र असलेली) आणि तिचा पासवर्ड एकाच मेलमध्ये पाठवला तेव्हा मला राग आला. मी कळवलं, प्रायव्हेट की आमच्याकडेच बनवतो, सीएसआर (सर्टिफिकेटसाठीची विनंती फाईल) पाठवतो, तुम्ही फक्त सही करून सर्टिफिकेट द्या. ऐकलं त्यांनी.

आता कोड. पायथॉनच्या एफटीपीलिब लायब्ररीमध्ये एफटीपी_टीएलएस क्लास आहे. पायथॉन ३.१२ पासून त्याला सर्टफाईल, कीफाईल थेट देता येत नाही, एसएसएल कॉन्टेक्स्ट (टीएलएसच्या सेटिंग्ज ठेवणारा ऑब्जेक्ट) बनवून द्यायचा आणि त्यावर लोड_सर्ट_चेन करायचं (आपलं सर्टिफिकेट आणि मूळ सीए यांच्या मधलं इंटरमीजिएट सर्टिफिकेट असेल तर त्याच फाईलमध्ये, आपल्या सर्टिफिकेटच्या खाली). माझा अर्धा दिवस गेला तो कॉन्टेक्स्ट बनवतानाच. क्रिएट_डिफॉल्ट_कॉन्टेक्स्टला मी पर्पज दिला क्लायंट_ऑथ, कारण क्लायंट सर्टिफिकेट आहे ना! पण तो पर्पज सर्व्हर लिहिणाऱ्यांसाठी आहे, क्लायंटला तपासण्यासाठी. आपण सर्व्हरला तपासतोय, म्हणून सर्व्हर_ऑथ, आणि तो डिफॉल्टच आहे, काहीच द्यायचं नाही.

सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासताना एरर आली की नेटवर पहिलं उत्तर सापडतं ते व्हेरिफिकेशन बंद करा, सर्ट_नन टाका. कृपा करून हे करू नका. एरर जाते खरी, पण मधे कोण बसलंय ते कळत नाही आणि आपला पासवर्ड, इनव्हॉइस सगळं त्याच्या हातात. त्यांचा सीए (सर्टिफिकेटवर सही करणारी संस्था) खाजगी होता, मी त्याचं सर्टिफिकेट मागून घेतलं आणि लोड_व्हेरिफाय_लोकेशन्सने दिलं, एका ओळीचं काम.

लॉगिननंतर प्रॉट_पी (डेटा चॅनेल एनक्रिप्ट करायची कमांड) विसरू नका. त्याशिवाय फक्त कमांडचा चॅनेल एनक्रिप्ट होतो, फाईल ज्यातून जाते तो डेटा चॅनेल उघडाच राहतो, आणि सर्व्हर कडक नसेल तर एररही येत नाही, आपल्याला वाटतं सगळं सुरक्षित चाललंय.

कीला पासफ्रेज (कीचा पासवर्ड) लावली होती. हाताने चालवलं तर टर्मिनलवर विचारायची, मी टाइप करायचो, छान. रात्री क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणारी सोय) विचारणार कुणाला, स्क्रिप्ट पडली. आता पासफ्रेज वेगळ्या फाईलमध्ये, परवानगी ६०० (फक्त आपल्याच युझरला वाचता-लिहिता येईल अशी), लोड_सर्ट_चेनला पासवर्ड म्हणून जाते.

सर्टिफिकेट एक वर्षाचं आहे, जानेवारीअखेर संपतंय. गड्डा यात्रेच्या गर्दीत कुणाला सुट्टीवरून बोलवायची वेळ नको म्हणून डिसेंबरच्या १ तारखेचा रिमाइंडर मालकांच्या फोनमध्येही टाकलाय.