मशीन बसवलं की पैसे आपोआप येतात का? तुम्ही विचारलंत म्हणून

मंडळाच्या गणपतीत, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, मुलांना मराठी शाळेत सोडताना पार्किंगमध्ये, कुणी ना कुणी बाजूला घेऊन विचारतंच: "दुकानात एकदा कार्डाचं मशीन बसवलं की तुम्हाला दरमहा पैसे येत राहतात म्हणे. बसल्या जागी. आम्हालाही सांगा ना." आजवर दोन वाक्यांत उरकलं. दोन वाक्यांत हे सांगता येत नाही आणि अर्धवट ऐकून लोक यात उतरतात, म्हणून एकदा नीट लिहिते.

पैसे येतात, हे खरं आहे. ते येतात कुठून, ते आधी बघा. आपल्या न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या भागातलं एक किराणा दुकान घ्या. महिन्याला ४० हजार डॉलर कार्डावर, १,६०० व्यवहार, म्हणजे सरासरी २५ डॉलरचं बिल. ग्राहकाच्या बँकेला जाणारा इंटरचेंज आणि व्हिसा-मास्टरकार्डची असेसमेंट, या दोन्ही फी दुकानदार भरतोच. त्यातला एक सेंटही आपला नसतो. त्यावर आपण, म्हणजे मशीन बसवणारे एजंट, जे लावतो, तेवढंच आपलं. समजा ०.२५ टक्के, व्यवहारामागे ८ सेंट आणि महिन्याचे १० डॉलर. १०० अधिक १२८ अधिक १०, झाले २३८. यातून प्रोसेसरचा, म्हणजे कार्डाचे व्यवहार पार पाडणाऱ्या कंपनीचा, खर्च वजा. तो करारामागे जोडलेल्या शेड्यूल ए नावाच्या पानावर असतो: व्यवहारामागे साडेतीन सेंट, उलाढालीवर ०.०२ टक्के, खात्याचे ५ डॉलर; मिळून ६९. उरले १६९. प्रोसेसरशी वाटणीत आपला हिस्सा ६० टक्के असेल तर हातात १०१ डॉलर ४० सेंट. यालाच रेसिड्युअल म्हणतात.

आणि हे चांगलं खातं झालं. केस कापण्याची, फोन दुरुस्तीची, शिलाईची दुकानं २५ ते ४० डॉलर देतात. सरासरी ४५ धरा. महिन्याला पाच दुकानांच्या सह्या मिळाल्या, तर चार प्रत्यक्षात कार्ड चालवतात. पाचवं मशीन खोक्यातच राहतं. वर्षाला साधारण पाचातलं एक दुकान गळतं: बंद होतं, विकलं जातं, किंवा दुसरा एजंट पाच सेंटांनी स्वस्त देतो. या हिशेबाने पहिल्या वर्षाअखेर ४३-४४ खाती, दुसऱ्या वर्षाअखेर ७८, तिसऱ्या वर्षाअखेर १०५. म्हणजे तीन वर्षं न थांबता दारोदार हिंडल्यावर महिन्याला ४,७०० डॉलर, करापूर्वी. हे पैसे पगार म्हणून नाही, स्वतंत्र कंत्राटदार म्हणून १०९९ या फॉर्मवर मिळतात, त्यामुळे सेल्फ-एम्प्लॉयमेंटचा १५.३ टक्के कर आपला आपण भरायचा, वर्षातून चारदा अंदाजे. हे ऐकल्यावर निम्मे लोक विषय बदलतात. बाकीच्यांसाठी पुढचं.

बसल्या जागी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, तो या कामामुळे. दुकानदाराने रात्री मशीनवर बॅच, म्हणजे दिवसभराच्या व्यवहारांचा गठ्ठा, बंद केली नाही आणि दिवस उलटला, तर तेच व्यवहार महागड्या इंटरचेंजमध्ये ढकलले जातात. पीसीआयची, म्हणजे कार्डांच्या माहितीच्या सुरक्षिततेची, प्रश्नावली दरवर्षी भरावी लागते. नाही भरली तर महिन्याला २०-३० डॉलर दंड लागतो आणि दुकानदाराला वाटतं, एजंटनेच लावला. अर्जात सरासरी बिल २५ डॉलर लिहिलं आणि एका लग्नाच्या ऑर्डरचे ४ हजार एकदम स्वाइप केले, की प्रोसेसरचा रिस्क विभाग पैसे अडकवतो, आणि शुक्रवारी संध्याकाळी फोन कुणाला येतो ते सांगायला नको. म्हणून अर्जात आकडे खरे लिहावेत, मोठ्या ऑर्डरची कल्पना आधी द्यावी. एवढं केलं की खातं टिकतं. रेसिड्युअल याचाच मोबदला आहे.

आता जे कुणाला सांगत नाही ते.

एका प्लाझातलं किराणा दुकान. मालक वयाने मोठे, सगळे त्यांना काका म्हणायचे, मीही. त्यांना मशीन मी लीजवर, म्हणजे भाड्याने, दिलं. महिन्याला ६९ डॉलर, ४८ महिने. तेच मशीन विकत घेतलं असतं तर ३०० डॉलरच्या आसपास पडलं असतं. ४८ गुणिले ६९ म्हणजे ३,३१२. लीज कंपनीकडून मला एकरकमी ९०० डॉलर मिळाले. करार चार पानांचा, नॉन-कॅन्सलेबल (मधेच रद्द करता येत नाही) हा शब्द दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरांत. शेवटच्या पानावर पर्सनल गॅरंटी: दुकानाने नाही भरलं, तर मालकाने स्वतःच्या खिशातून भरायचं. कागदावर सगळं होतं. सही त्यांची होती. मी काही लपवलं नव्हतं.

पण वाचूनही दाखवलं नव्हतं.

एकोणिसाव्या महिन्यात काकांनी दुकान विकलं. नव्या मालकाने स्वतःची बिलिंग सिस्टिम आणली, प्रोसेसिंगचं खातं बंद झालं. काकांना वाटलं, मशीनही संपलं. लीजचा आणि प्रोसेसरचा एकमेकांशी काही संबंध नसतो. लीज कंपनी वेगळी, करार वेगळा, पैसे बँकेतून परस्पर कापले जातात, प्रोसेसरच्या स्टेटमेंटवर ती ओळसुद्धा नसते. उरलेले २९ महिने, २,००१ डॉलर. दुकानाचं बँक खातं बंद झालं होतं, तेव्हा नोटीस घरी गेली. मी लीज कंपनीला तीनदा फोन केला. उत्तर एकच: उरलेले सगळे हप्ते एकदम भरा. वर मशीन परत पाठवा, नाहीतर विकत घ्या. मुदत संपल्यावरही लेखी कळवून मशीन परत केलं नाही, तर हप्ते चालूच राहतात, हे कलम मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचलं. काका फोनवर रागावले नाहीत. "अगं, तू सांगितलं असतंस तर मी विकतच घेतलं असतं," एवढंच म्हणाले.

त्याच प्लाझात माझी आणखी तीन खाती होती: मिठाईचं दुकान, सलून, फोन दुरुस्ती. काकांच्या शब्दावर मिळालेली. चार महिन्यांत तिन्ही गेली. काकांचं खातं धरून १०१, ६४, ३८ आणि २७, मिळून महिन्याला २३० डॉलर. दोन वर्षांत ५,५२०, मी घेतलेल्या ९०० च्या बदल्यात. पण हा हिशेब मांडला की ते प्रकरण धंद्यातली चूक वाटतं, आणि मला ते तेवढंच वाटत नाही. त्या काळची मी आजही माझ्याशी वाद घालते. ती म्हणते, पहिल्या वर्षी रेसिड्युअल महिन्याला ३०० डॉलर होता, गाडीचा हप्ता त्याहून जास्त, लीजच्या कमिशनाशिवाय तू टिकली असतीस का? नसते टिकले, बहुतेक. याला माझ्याकडे उत्तर नाही. लीज विकणं बंद केलं, एवढंच.

यात यायचंच असेल, तर वर्षभराचा घरखर्च बाजूला ठेवून या. पहिल्या भेटीत मशीन दाखवू नका. दुकानदाराकडे त्याच्या सध्याच्या प्रोसेसरची शेवटच्या तीन महिन्यांची स्टेटमेंट मागा. दुपारी दोन ते चारमध्ये जा, जेवणाच्या गर्दीत नको. एकूण फी भागिले एकूण उलाढाल, हा खरा दर. क्वालिफाइड, मिड-क्वालिफाइड असे दरांचे गट दिसले, की डेबिटच्या ओळी शोधा. मोठ्या बँकेच्या डेबिट कार्डाचा इंटरचेंज २०११ पासून २१ सेंट अधिक ०.०५ टक्के, वर फसवणूक रोखण्यासाठीचा एक सेंट, एवढाच बांधलेला आहे. ४० डॉलरच्या बिलाला २४ सेंट. दुकानदार त्यासाठी १.६९ टक्क्यांच्या गटात ६८ सेंट भरत असतो. तो फरक पेन्सिलने त्याच्यासमोर मांडा, बाकी काही बोलावं लागत नाही.

प्रोसेसरशी स्वतःचा करार करताना: तुम्ही काम सोडलं तरी रेसिड्युअल चालू राहणार का? महिन्याला किमान अमुक अर्ज, अशी अट आहे का? ती असेल तर एका आजारपणात सगळं जातं. दुकान लवकर सोडून गेलं तर बोनस परत घेणार का, किती महिन्यांपर्यंत? दुकानदाराची फी तुम्हाला न विचारता वाढवायचा हक्क त्यांना आहे का? असतोच, निदान आधी कळवावं, एवढं लिहून घ्या.

एच-४ वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, असाल आणि ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, नसेल, तर हे काम करता येत नाही. "पगार नाही, कमिशन आहे, म्हणून चालतं" असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. एच-१बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, जोडधंदा म्हणूनही नाही.

पुण्याहून, साताऱ्याहून भाचे विचारतात, "मावशी, इथे करू का?" भारतात १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिटवर दुकानदाराकडून एमडीआर, म्हणजे व्यवहारावरची टक्केवारीची फी, घेतला जात नाही. जिथे टक्काच नाही, तिथे टक्क्यातला वाटा कुठून येणार? क्रेडिट कार्डं जास्त चालतात अशी दुकानं धरलीत, तर थोडंफार. नाहीतर मशीनमागे एकदाच मिळतं ते.

आणि एक प्रश्न तुम्ही विचारत नाही, पण मला छळतो. हल्ली रोखीचा एक भाव आणि कार्डाचा दुसरा, अशी पद्धत आली आहे. वरच्याच किराणा दुकानात कार्डाच्या भावावर ३.८५ टक्के लावले, तर १,५४० डॉलर जमतात. इंटरचेंज-असेसमेंटचे ८०० च्या आसपास आणि प्रोसेसरचे ६९ जाऊन ६७१ उरतात, माझे ४०२. चौपट. दुकानदाराला फी शून्य. भरतो ग्राहक. न्यू जर्सीत ऑगस्ट २०२३ पासून कायद्याने क्रेडिट कार्डावरचा सरचार्ज, म्हणजे बिलावर लावलेला जादा आकार, खऱ्या खर्चाहून जास्त घेता येत नाही आणि तो आधी सांगावा लागतो. डेबिटवर तर सरचार्ज लावताच येत नाही. दोन भावांची पद्धत यातून सुटते, कारण दोन्ही भाव पाटीवर असतात. आधी मी याला ठाम नाही म्हणायचे. मग दोन दारूच्या दुकानांना लावून दिली, तिथे कुणाची तक्रार नाही. पण ४० डॉलरच्या डेबिटला खर्च २४ सेंट आणि ग्राहकाकडून १ डॉलर ५४ सेंट, हे माझ्या हातून नीट उतरत नाही.

गेल्या आठवड्यात एका उपाहारगृहाच्या मालकीणबाईंनी हेच मागितलं. त्यांना अजून हो किंवा नाही कळवलेलं नाही. तीन महिन्यांची स्टेटमेंट आणली आहेत, डेबिट किती आणि क्रेडिट किती, ते वेगळं काढते आहे.