माझं 'वा' आणि त्यांचा खोकला

मागच्या शुक्रवारी एडिनबरात भर मैफलीत माझ्या तोंडून "वा!" निघालं. ओरडले नाही हो. सवाईत मांडी घालून बसलं की आपसूक निघतं, तेवढंच. पण पुढच्या दोन रांगा गर्रकन वळल्या आणि शेजारच्या पांढऱ्या केसांच्या आजींनी चष्म्यावरून असं पाहिलं, की मी कुणाच्या तेराव्याला शिट्टी वाजवली असावी.

मॅक्स ब्रुख या जर्मन संगीतकाराची 'स्कॉटिश फँटसी' चालली होती. व्हायोलिन, मागे ऑर्केस्ट्रा आणि त्यात भरपूर काम असलेली हार्प. सुरुवातीचा काळोख सरतो आणि 'ऑल्ड रॉब मॉरिस' या जुन्या गाण्याची चाल व्हायोलिन इतक्या अलगद उचलतं, की जागा आली आणि दाद गेली. यात माझं काय चुकलं?

इथला नियम असा, की चारही भाग संपेपर्यंत टाळी नाही, हूं नाही, मान डोलवायची तीही जपून. पण दोन भागांच्या मधे खोकायला पूर्ण मुभा! पहिला भाग संपला आणि सभागृहभर खोकल्याची फैर झडली. कोरडा, ओला, दबका, मोकळा, सगळे प्रकार. आजींनी पर्समधून पेपरमिंट काढून त्याचा कागद चांगला अर्धा मिनिट चुरचुर सोडवला. ते चालतं. कलाकाराला आपण जिवंत आहोत एवढं कळवलं, की मात्र रानटी! घरी येऊन चिडून वाचत बसले, तर ब्रुखच्या काळात लोक भागांच्या मधे खुशाल टाळ्या वाजवायचे. हा शांततेचा सोवळेपणा नंतरचा. म्हणजे चाल जुनी, वाद्यं जुनी, शिस्त तेवढी नवी. (भाग चालू असताना "वा" म्हणायचे का, ते मी मुद्दामच शोधलं नाही.)

दुसऱ्या भागात 'डस्टी मिलर'ची नाचरी चाल येते आणि खाली दोन सूर अखंड धरलेले. तो बॅगपाइपचा आभास. मला ऐकू आला तानपुरा, सा आणि प. नवरा म्हणतो, "तुला सगळीकडे घरच दिसतं." दिसतं तर दिसतं. अहो, यांचं नववर्षाच्या रात्री गायचं 'ऑल्ड लँग साइन' एकदा पेटीवर वाजवून बघा: खालचा पंचम, मग सा सा सा ग, रे सा रे ग, सा सा ग प ध. मध्यम नाही, निषाद नाही. पाच सूर जुळले म्हणून तो भूप राग होत नाही, चलन वेगळं, न्यास वेगळे, हे मलाही कळतं. पण डिसेंबरात दुपारी पावणेचारला अंधार पडतो त्या गावात एवढं जुळलं तरी पोट भरतं.

मध्यंतरात मी माफी मागणार, तोच आजी म्हणाल्या, "आवडलेलं दिसतंय तुला." आणि कॉफीच्या रांगेत तिसऱ्या भागातली चाल गुणगुणायला लागल्या. 'जॉनीवाचून मी खचले' अशा अर्थाचं गाणं. साधी विरहिणी! त्यांचा आवाज फाटलेला होता, पण छोट्या सुरावर झटका देऊन लांब सुरावर टेकायची ती खास इथली लय अशी सहज लागली, की मी पुन्हा "वा" म्हणाले. या वेळी कुणी वळलं नाही.

आता माझी खरी गोष्ट. ब्रुखने हे 1880 मध्ये पुरं केलं, तोवर त्याने स्कॉटलंड पाहिलंही नव्हतं. चाली घेतल्या जेम्स जॉन्सनच्या 'स्कॉट्स म्युझिकल म्युझियम'मधून. 1787 ते 1803 या काळात निघालेले सहा खंड, सहाशे गाणी, त्यात इथला लाडका कवी रॉबर्ट बर्न्स याचा मोठा हात. उलट मेंडेल्सोन, तोही जर्मन संगीतकार, 1829 साली इथे प्रत्यक्ष आला, होलीरूड राजवाड्याशेजारच्या छप्पर उडालेल्या चॅपलमध्ये उभा राहिला, तिथेच म्हणे त्याला 'स्कॉटिश सिम्फनी'ची सुरुवात सुचली. ती पुरी व्हायला 1842 उजाडलं. पण लोकगीत? एकही जसंच्या तसं घेतलं नाही. पुढच्याच महिन्यात वेल्समधून घरी पत्र लिहून त्याने खाणावळीत हार्प बडवणाऱ्यांच्या 'राष्ट्रीय' सुरांवर मनसोक्त आग पाखडली.

आमचे दादा दर फोनवर ऐकवतात, "तिथे बसून इथल्या गोष्टी लिहू नकोस, तुला आता काय कळतंय?" दादा, ब्रुख वाचा. अर्थात मेंडेल्सोन आधी तुमच्या हाती लागला, तर माझी पंचाईत आहे.

कारण उत्तरार्धात त्याचीच सिम्फनी होती. हे चार भाग त्याने सलग वाजवायला सांगितलेत, त्यामुळे खोकल्यालाही फट नाही. (बरी जिरली!) दुसऱ्या भागात क्लॅरिनेटने ती उड्या मारणारी पाच सुरांची चाल धरली, त्याची स्वतःची, पण अस्सल इथल्या मातीची वाटणारी. मी ओठ घट्ट मिटून घेतले. शेजारी पाहिलं, तर आजींचं बोट हातातल्या कार्यक्रमपत्रिकेवर ताल धरून होतं, अगदी बिनआवाज.

मीही मांडीवर बोट टेकवलं.