सहा पानं

रात्रीचे साडेअकरा.

सहा पानं. मोजलीत मी. अगदी खालची, आठवड्याभरात पिवळी पडून गळणारीच. तरी दुपारी माईंच्या हातात ती दिसली आणि तोंडातून निघून गेलं, ‘विचारायचं तरी होतं, माई.’ एवढंच. पण आवाज कसा होता ते मला माहीत आहे.

त्या काही बोलल्या नाहीत. वाटीत पाणी घेतलं, पानं त्यात ठेवली आणि खोलीत गेल्या.

संध्याकाळभर स्वतःला समजावत होते की काळजीपोटी बोलले. रानटी लेट्यूस आहे, चीक असतो, एकेकाळी युरोपात तो वाळवून अफूऐवजी देत, त्यात माईंच्या बीपीच्या गोळ्या. खोटं आहे हे. त्या चिकासाठी मुख्यतः दुसरी जात लावत, लॅक्टुका विरोसा. माझं आहे ते सेरिओला, बाजारातल्या लेट्यूसचा रानातला पूर्वज, आणि त्याची कोवळी पानं लोक खातात. मला हे पाठ आहे. घरात ऐकायला कुणाला वेळ नसतो, तरी पाठ आहे.

मग चीड कशाची आली? एवढी एक कुंडी माझी होती म्हणून? बाकी या घरात... जाऊ दे.

पहिल्या खेपेला बी मातीखाली दाबलं, एकही उगवलं नाही. रुजायला उजेड लागतो त्याला, आणि उकाड्यात तर ते हलतच नाही. नोव्हेंबरात हवा जरा गार झाल्यावर वरच्यावर भुरभुरलं, स्प्रेने पाणी मारलं. अकरा रोपं आली, त्यातलं एक ठेवलं. मावा पडला तेव्हा ओल्या फडक्याने एकेक पान मागून पुसलं. मधल्या शिरेखाली काट्यांची रांग असते, बोटं ओरबाडून निघाली. भर उन्हातल्या झाडाची पानं बुडाशी पिळून कडेवर उभी राहतात, साधारण उत्तर-दक्षिण धरून. होकायंत्रच. आमच्या नेरुळच्या गॅलरीत ऊन पारसिकच्या डोंगरावरून येतं आणि अकराला जातं. माझी पानं आडवीच राहिली. तरी रोज सकाळी जाऊन बघायचे, वळली का.

माईंनी जानेवारीतच एक पान मोडून पांढरं दूध बघितलं होतं. ‘पाथरीच की गं ही.’ मी म्हटलं, नाही, ही वेगळी. वेगळी आहेच, पण कूळ एकच, सूर्यफुलाचं. दूध तसंच, पिवळं फूलही तसंच. नगरकडे त्यांच्या ज्वारीच्या रानात पाथरी उगवायची, खुरपायला गेलेल्या बाया बांधावर बसून भाकरीबरोबर कच्चीच खायच्या. त्या हे सांगत होत्या आणि मी कुंडीवर चिकटवायला जातीचं नाव लिहीत होते.

मघाशी टॉर्च घेऊन नीट बघून आले. खालचीच खुडलीत, तीही बुडापासून, खोडाला ओरखडा नाही. शेंड्याला तर हातच लावलेला नाही. चार महिने मी धरून बसले होते की या रोपाकडे माझ्याशिवाय कुणी बघत नाही.

आता उन्हं तापली की ते वर धावणारच. पानं आणखी कडू होतील, सकाळी काही तासच उघडणारी फिकट पिवळी फुलं येतील, मग बियांच्या म्हाताऱ्या उडत उडत खाली पार्किंगमध्ये जातील. मी कितीही पुसलं, जपलं तरी. ठीक आहे. खायची तर आत्ताच खायला हवीत.

वाटीतलं एक खाऊन बघितलं. घशापर्यंत कडू.

माईंच्या खोलीत दिवा आहे अजून. डब्यात ज्वारीची एक भाकरी उरलीय, शेंगदाण्याची चटणीही आहे. जाऊन विचारते.