राणेसाहेबांचा रस्ता

एप्रिलचा दुसरा आठवडा आला की जम्मू-काश्मीरमधला, नौशेऱ्याहून राजौरीला जाणारा, मी स्वतः कधीही न पाहिलेला रस्ता मला आठवतो. बाबा खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलात, हवालदार होते (आजी शेवटपर्यंत त्यांच्या पलटणीला ‘सफरमैना’च म्हणत असे), आणि त्याच बॉम्बे सॅपर्सच्या सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांनी ८ ते ११ एप्रिल १९४८ या चार दिवसांत त्या रस्त्यावर केलेले काम आमच्या घरात वडीलधाऱ्या माणसाची आठवण काढावी तसे सांगितले जात असे.

राणे कारवारजवळच्या चेंडिया गावचे. १९४० मध्ये ते साधे शिपाई म्हणून भरती झाले, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपान्यांशी लढले आणि डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारी झाले. त्यानंतर चारच महिन्यांनी, पहिल्या काश्मीर युद्धात शत्रूच्या ताब्यात गेलेली राजौरी घेण्यासाठी निघालेल्या चौथ्या डोगरा बटालियनबरोबर सुरुंग काढून रणगाड्यांना वाट करून देण्याची जबाबदारी त्यांच्या तुकडीवर आली. राजौरीत अडकलेल्या लोकांची कत्तल चालली होती, त्यामुळे रस्ता किती लवकर मोकळा होतो यावर तिथल्या माणसांचे जीव अवलंबून होते.

पहिल्याच दिवशी तोफगोळ्यांच्या माऱ्यात त्यांचे दोन जवान ठार झाले आणि राणे धरून पाच जण जखमी झाले. तरीही मलमपट्टीसाठी मागे न जाता ते संध्याकाळपासून रात्रीपर्यंत रणगाड्यांच्या पुढे सुरुंग काढत राहिले. १० तारखेला पाइनची पाच मोठी झाडे आडवी पाडून केलेला अडथळा समोर आला. त्याच्याभोवती सुरुंग पेरलेले होते आणि वरून मशीनगनचा मारा चालू होता, तरी तो त्यांनी दोन तासांत हटवला. ११ तारखेला रणगाडे वाटेतल्या चिंगसला पोहोचले आणि १२ तारखेच्या संध्याकाळी राजौरी आपल्या ताब्यात आली.

शौर्य म्हटले की शत्रूवर तुटून पडणारा वीर आपल्या डोळ्यांपुढे येतो. राणेसाहेबांचे शौर्य मला त्याहून अवघड वाटते, कारण गोळ्या चालू असताना हात थरथरू न देता माती चाचपत बसायचे, एक सुरुंग काढून पुढच्याकडे सरकायचे आणि हे तासन् तास करत राहायचे, याला क्षणभराचा आवेश पुरत नाही.

हे मला बाबांनी गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत दाखवले होते. त्यांनी आईची विणायची सुई घेतली आणि कुंडीत आधीच पुरून ठेवलेले डबीचे झाकण मला शोधायला सांगितले. मी सुई सरळ उभी खुपसली तेव्हा त्यांनी माझे मनगट धरले आणि ती जवळजवळ आडवी केली, कारण सुरुंगाचा दाब घेणारा भाग वरच्या बाजूला असतो आणि टोक त्याच्या कडेला लागायला हवे. ‘‘दाबायचं नाही. मातीला हळूच विचारायचं,’’ ते म्हणाले. एवढीशी कुंडी तपासायला मला दहा मिनिटे लागली, आणि मान भरून आली.

२६ जानेवारी १९५० रोजी परमवीर चक्र हा सन्मान सुरू झाला आणि त्याच वर्षी तो राणे यांना जाहीर झाला. पहिल्या काश्मीर युद्धातल्या पाच परमवीरांपैकी तिघांना तो मरणोत्तर मिळाला. राणे आणि लान्स नाईक करम सिंग हे दोघेच हयात होते. त्या पदकाची रचनाही सावित्रीबाई खानोलकर यांची, म्हणजे मराठी घरात सून म्हणून आलेल्या बाईंची, याचा बाबांना फार अभिमान होता.

मेजर राणे यांचे ११ जुलै १९९४ रोजी पुण्यातच निधन झाले. तेव्हा मी कॉलेजात होतो. ते याच शहरात आहेत हे मला त्या बातमीनेच कळले. बाबा पेपर हातात धरून बराच वेळ खुर्चीत बसून होते, मग उठून त्यांनी कपाटातला जुना बेल्ट काढला आणि त्याचे बक्कल ब्रासोने घासायला घेतले.